काळा धूर आणि थंड डबा

मित्रांनो, माझ्या डोक्यावर उजवीकडे एक खळगा आहे, लिंबाएवढा. तो कारखान्यात पडलेला नाही, हातोड्याने पाडलेला आहे. पाडणारा माणूस आजही रोज सकाळी माझ्याजवळ येतो, त्या खळग्यावरून अंगठा फिरवतो आणि दोर गुंडाळायला निघून जातो. तो असे का करतो, हे सांगायला मी बसले आहे. बसले आहे म्हणजे काय, बोल्ट आवळून बसवलेले आहे. मला उठून जाता येत नाही, म्हणून तर इतके काही पाहायला मिळाले.

मी बोटीचे एक जुने इंजिन आहे. पेट्रोल पिते, सहा सिलिंडरांचे आहे आणि तरुणपणी माझा आवाज ऐकून धक्क्यावरची कुत्री बाजूला होत असत.

माझा जन्म मारहाणीतच झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतले, निवताच साचा फोडला, मग मला भोके पाडली, तासले, घासले, ठोकले. शेवटी एका लोखंडी चौकटीला जखडून इतका वेळ पळवले की माझ्या धुराची नळी लाल झाली. शेजारी तपासणी करणारी एक जाडशी बाई उभी होती. तिने हातमोजा काढला, माझ्या अंगावर उघडा तळहात टेकवला, चटका बसताच उचलला आणि त्यावर फुंकर मारीत म्हणाली, "हे चांगलं आहे. रागावतं, पण मोजून रागावतं."

ही माझी पहिली शाबासकी. तिचा अर्थ तुम्हाला सांगायलाच हवा, कारण पुढचे सगळे त्यावर आहे.

मित्रांनो, मी स्फोटांवर जगते. माझ्या पोटात सहा खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत थोडी हवा येते, इंजेक्टर नावाच्या बारीक तोंडाच्या नळीतून पेट्रोलचा फवारा येतो, ठिणगी पडते आणि धडाका उडतो. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. धडाका कमी पडला तर मी आळशी, जास्त झाला तर पिसाळलेले. म्हणून किती पेट्रोल सोडायचे ते ठरवायला माझ्या अंगावर एक काळी पेटी बसवलेली आहे. ती स्वतः काही पाहत नाही. वायरींना विचारते आणि मोजून माप घालते. हवा किती? वेग किती? आणि सर्वांत आधी, अंग तापले का? अंग थंड असेल तर ती जास्त पेट्रोल सोडते, कारण थंड इंजिन नुकत्याच उठलेल्या पोरासारखे असते, चार घास जास्त दिल्याशिवाय हलत नाही. अंग तापले की ती हात आखडता घेते. माझ्या घराण्यात आई म्हणावी अशी तीच.

मला विकत घेतले दोन भावांनी. थोरल्याला सगळे समोर दादा म्हणत आणि पाठीमागे घण. कारण सरळ होते. दार अडकले की तो खांदा मारी, गाठ सुटेना की सुरी चालवी, बोल्ट फिरेना की हातोडा घेई, आणि निम्म्या वेळा ते जमूनही जाई. ज्या माणसाचे निम्म्या वेळा जमते त्याला शिकवणे फार कठीण. धाकट्याचे नाव बारक्या. तो दादाहून डोकेभर उंच होता, तरी नाव बारक्याच राहिले. घरात पडलेली नावे अंगाबरोबर वाढत नाहीत. दादाची बायको, म्हणजे बारक्याची वहिनी, धक्क्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहून दोर विणी, घर चालवी आणि दोन्ही भावांना बोलण्यात हरवी.

आमचे काम अडकलेल्या बोटी ओढून काढण्याचे. नदी समुद्राला मिळते तिथे पाण्याखाली वाळूचा मोठा उंचवटा आहे. दर वादळात तो जागा बदलतो आणि दर वादळात कोणीतरी त्याच्यावर चढून बसते. मग दादा सुकाणू धरी, बारक्या मागच्या बाजूला उभा राहून दोर फेकी आणि मी ओढे.

ते काम सभ्य माणसांचे नव्हते. लाट बोटीला वर उचलून खाली आपटे, तेव्हा माझ्या बोल्टांतून कळ जाई. एकदा माणसांनी भरलेली होडी ओढताना दोर ताणून ताणून तुटला. मित्रांनो, तुटलेला दोर पाण्यात पडत नाही, चाबकासारखा परत येतो. त्याने सुकाणूच्या खोलीची काच उडवली, लोखंडी कठडा वाकवला आणि जिथे क्षणापूर्वी बारक्याची मान होती तिथून सणसणत गेला. बारक्या आधीच आडवा झाला होता. उठून त्याने तोंडातले रक्त थुंकले, दुसरा दोर उचलला आणि म्हणाला, "वहिनीला सांगू नकोस, हा दोर तिनंच विणलाय."

दादा इतका हसला की बोट वाकडी गेली. होडी निघाली, माणसे वाचली. त्या दिवशी धक्क्यावरच्या प्रत्येकाने माझ्या खोलीवरच्या लोखंडी झाकणावर थाप मारली. दादाने मला नवा रंग दिला. बारक्याने माझ्या नळ्या पुसल्या, अगदी मागच्यासुद्धा, जिथे कोणी बघत नाही.

आमच्या बोटीवर एक रीत होती. सकाळी निघताना वहिनी जेवणाचा पितळी डबा देई आणि बारक्या तो माझ्या डोक्यावर दोन नळ्यांच्या बेचक्यात अडकवी. दुपारपर्यंत तो इतका तापे की फडक्याशिवाय उचलता येत नसे. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ ओझी ओढली, पण त्या डब्याचे मला विशेष वाटे. बोटी ओढल्यावर लोक कप्तानाचे आभार मानतात. डबा उघडल्यावर बारक्या मात्र माझ्याकडे बघून मान हलवी.

मग तो दिवस आला.

उन्हाचा कडाका होता. वाळूत रुतलेली एक जड मालवाहू बोट आम्ही ओढत होतो आणि ती हलत नव्हती. माझ्या डोक्याशी एक छोटी झडप असते. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. अंग थंड असताना ती मिटलेली असते, म्हणजे गार पाणी लवकर आत येऊन मला गारठवत नाही. अंग तापले की ती उघडते आणि पाणी फिरू लागते. एवढीशी वस्तू, पण तिच्यामुळे मी ना थंड ना जळके असे नेमके तापते. त्या दिवशी ती मिटली आणि उघडलीच नाही. आत क्षार साचला होता. पाणी फिरेना. मी तापत गेले. उष्णतेचा काटा वर चढला. बारक्या मागून ओरडला, "दादा, ओढ थांबव." दादाने ओढ थांबवली नाही, वेगाचा दांडा आणखी पुढे ढकलला. बोट जराशी हलली होती ना.

नळी फुटली. वाफेचा लोट निघाला आणि झाकण उघडून वाकलेल्या दादाच्या उजव्या हाताला लागला. कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी ओल्या कागदासारखी सुटली. मित्रांनो, मी स्फोटांवर जगते, पण माणसाचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

बोट धक्क्याला लागली. बारक्या औषध आणायला पळत सुटला. दादा मात्र माझ्याजवळ परत आला, एका हाताला ओले फडके आणि दुसऱ्यात हातोडा. पहिला घाव माझ्या डोक्यावर. तोच हा खळगा. दुसरा घाव बोल्टवर. मग त्याने झडपेवरची लोखंडी टोपी उपटली, चिमट्याने ती झडप ओढून काढली आणि नदीत भिरकावली. "आता अडक," तो तिला म्हणाला. "बघू कशी अडकतेस."

नवी झडप आणायची असते, हे त्याच्या डोक्यात आलेच नाही. टोपी परत बसवली, बोल्ट आवळले, नळी बदलली. बारक्या परत आला तेव्हा दादा एवढेच म्हणाला, "झालं काम." बारक्याने भाजलेला हात पाहिला आणि कोणते काम ते विचारले नाही.

त्यानंतर मी कधीच तापले नाही. कितीही ओढा, काटा तळाशी झोपलेला. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो काटा दाखवी. "बघा. असं ठेवावं लागतं इंजिन. धाकात."

लोक माना हलवीत. आणि मी आतून गारठलेले. झडप नाही, म्हणून नदीचे पाणी सतत अंगातून धावते आहे. पेटी वायरीला विचारते, "तापलं का अंग?" वायर खरे तेच सांगते, "नाही, थंड आहे." पेटी म्हणते, "अजून उठलंच नाही वाटतं," आणि जास्त पेट्रोल सोडते. थोड्या वेळाने पुन्हा विचारते, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा जास्त पेट्रोल. आईला कोणी सांगत राहिले की पोर उपाशी आहे, तर ती काय करील? सकाळपासून संध्याकाळपर्यंत मला तुडुंब पाजले जात होते. जळून जळून किती जळणार? उरलेले काळ्या धुरातून बाहेर जाई, ठिणगी पाडणाऱ्या प्लगांवर काजळी होऊन बसे, झिरपून तेलात उतरे आणि तेलाचा रस्सा करून टाकी. माझा आवाज जड झाला. मी खोकू लागले. मागच्या बाजूला उभ्या असलेल्या बारक्याचे डोळे धुराने दिवसभर चुरचुरत.

आणखीही एक गोष्ट झाली. डबा तापेना.

दुपारी बारक्या डबा काढी, फडक्याशिवाय. दादा पहिला घास घेई आणि तोंड वाकडे करी. संध्याकाळी घरी बोलणी होत, ती मला धक्क्यावर ऐकू येत.

"डबा गार देतेस."

"मी गरमच देते. तुमच्याकडं पोचेपर्यंत निवतो."

"आधी नव्हता निवत."

"आधी तुम्हीही असे नव्हता."

एका दुपारी दादाने तो डबा जेवणासकट माझ्यावरून उचलून नदीत फेकला. बारक्याने गळ टाकून तो वर काढला. पोचे आलेला, पण शाबूत. वहिनीने तो घासला आणि दुसऱ्या दिवशी त्यातच भरून दिला. मित्रांनो, वहिनी गप्प बसली की घरातली भांडीसुद्धा जपून वाजत.

पेट्रोल मात्र दुप्पट लागत होते. टाकीत लाकडी पट्टी बुडवून दादा रोज संध्याकाळी बघे आणि पट्टी रोज लवकर कोरडी लागे. टाकीची किल्ली दोघांकडेच होती. दादाने मनातल्या मनात बेरीज केली आणि उत्तर काढले. दोन माणसे, त्यांतला एक मी, म्हणजे चोर दुसरा.

"कुणाला विकतोस?" त्याने विचारले.

बारक्या माझ्या खोलीत उतरून प्लग काढत होता. "काय विकतो?"

"पेट्रोल."

बारक्याला आधी हसूच आले. ते त्याला महागात पडले. दादाने त्याला कॉलर धरून वर ओढले आणि तोंडात मारली. एकदा, मग परत एकदा. बारक्याने हात उचलला नाही. तो उचलू शकला असता, त्याचे खांदे दोर ओढून ओढून घडलेले होते. पण घरातला थोरला मारतो आणि धाकटा खातो, असे त्याच्या अंगात मुरलेले. नाकातून रक्त आले तसा तो पुन्हा खाली बसला, एका हाताने झाकणाची कड धरली आणि दुसऱ्या हाताने काळाकुट्ट प्लग वर धरून दाखवला.

"दादा, हे बघ. काजळी बघ. पेट्रोल इथं जातंय. मी कुठं नेत नाही, हेच खातंय."

"मला शिकवतोस?" म्हणत दादाने झाकणाला लाथ मारली.

लोखंडी झाकण. एकट्याला जेमतेम उचलेल असे. ते खाली आले आणि बारक्याची दोन बोटे झाकण आणि चौकटीच्या मध्ये राहिली. आवाज फार मोठा झाला नाही. सुकी काटकी मोडावी तसा, इतकेच.

मी तिथेच होते. मी ओरडू शकत नाही. माझ्या डोक्यावर रक्ताचे थेंब पडले आणि मी इतके थंड होते की ते वाळलेसुद्धा नाहीत.

वहिनीने बोटे बांधली. बारक्याने कपड्यांची पिशवी भरली आणि धक्क्याच्या पलीकडच्या टोकाला एका मालवाहू बोटीवर कामाला लागला. ती बोट पंधरवड्याने समुद्रात जायची होती आणि कधी परत येईल त्याचा नेम नव्हता. वहिनी दारात उभी राहून त्याला म्हणाली, "भाऊजी, या घरातून चोर म्हणून जाऊ नका." बारक्या म्हणाला, "वहिनी, मग काय म्हणून जाऊ ते तुम्ही सांगा." वहिनीने पिशवी त्याच्या खांद्यावर नीट अडकवून दिली.

आता दादाकडे चोर राहिला नव्हता आणि पट्टी तरीही कोरडीच लागत होती. तेव्हा त्याने मिस्त्री बोलावला.

हा मिस्त्री म्हणजे मोठा बोलका माणूस. चालता चालता इंजिनांची नाडी ओळखतो, असे तो स्वतःच सांगे, त्यामुळे दुसऱ्या कोणाला सांगावे लागत नसे. त्याने माझा काळा धूर पाहिला आणि म्हणाला, "हवा कमी पडतेय." हवेची जाळी काढून धुतली. धूर तोच. "मग प्लग." सगळे बदलले. दोन दिवसांत ते काळे. "मग वायर खोटं बोलतेय." बिचारी खरे बोलणारी वायर, तिच्या टोकाचा ताप मोजणारा सेन्सर उपटून त्याने नवा लावला. नवाही तेच बोलला, थंड आहे. मिस्त्री म्हणाला, "हल्ली माल चांगला येत नाही."

खरे बोलणाऱ्याला हाकलायचे आणि दुसरा आणायचा. त्या आठवड्यात आमच्या धक्क्यावर हे दोनदा घडले. एकदा वायरीच्या बाबतीत, एकदा माणसाच्या.

मग मिस्त्रीने माझे सहाही इंजेक्टर बाहेर काढले, ओळीने धरले आणि दाब देऊन पाहिले की एखादा गळतो का. एकही गळत नव्हता. पेट्रोलचा दाब मोजला, ठीक. पण या सगळ्या उलाढालीत तळाशी पेट्रोल सांडले होते. मित्रांनो, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी दबा धरून बसते. म्हणून माझ्या खोलीत एक पंखा आहे. मला सुरू करण्याआधी तो काही वेळ चालवून वाफ बाहेर घालवायची असते. हे काम नेहमी बारक्या करी. पंखा चालू करी, दोर तपासून येई, वास घेई आणि मगच "हं" म्हणे.

"पंखा लावा आधी," मिस्त्री म्हणाला.

"पंखा लावत बसलो तर दिवस मावळेल," दादा म्हणाला आणि उघड्या झाकणातून आत वाकून त्याने बटण दाबले.

मी जन्मभर आत धडाके केले. हा बाहेर झाला. माझ्या खोलीभर आग एका झटक्यात उभी राहिली. झाकण उघडे होते म्हणूनच माणसे वाचली, स्फोटाला वर जायला वाट मिळाली. पण त्या वाटेत दादा होता. तो उचलला गेला, कठड्यावर आपटला आणि पाण्यात पडला. मिस्त्रीच्या भुवया, मिशा आणि बोलणे, तिन्ही एकदम गेले. माझ्या वायरी पेटल्या. बोटीच्या लाकडाला ज्वाळा लागल्या.

धक्क्याच्या टोकाकडून कोणीतरी धावत येत होते. एका हाताला पांढरी पट्टी होती. बारक्याने आधी आग विझवायचे नळकांडे दातांनी खटका तोडून माझ्यावर रिकामे केले, मग पाण्यात उडी मारली. एका हाताने त्याने दादाला धक्क्यापर्यंत ओढले. वहिनीने दोर टाकला. तिचाच विणलेला.

दादाच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. पाणी ओकून झाल्यावर तो पहिले काय बोलला असेल? "तू असतास तर पंखा लागला असता. सगळं तुझ्यामुळं."

बारक्याने ओल्या केसांतले पाणी निपटले. "बरोबर," तो म्हणाला. "पेट्रोल मी पितो, धूर मी सोडतो आणि स्फोट पण मीच होतो. इंजिन कशाला ठेवलंयस, दादा? मलाच बसव तिथं." आणि तो आपल्या मालवाहू बोटीकडे चालू लागला. ती दुसऱ्याच दिवशी निघणार होती.

मिस्त्रीने माझ्या वायरी बदलल्या. बिचारा आता कमी बोलत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, पंखा पुरेसा वेळ चालवून, त्याने मला सुरू केले. तोच खोकला, तोच काळा धूर. "पेटी गेली," तो पुटपुटला. "पेटीच बदलायला हवी." दादा बरगड्या धरून खुर्चीवर बसला होता. त्याने शेजारचा हातोडा उचलला. "बदलू कशाला, फोडूनच टाकतो."

"थांबा," वहिनी म्हणाली. ती बोटीवर चढत होती, पोचे आलेला डबा हातात घेऊन. "तुमचं फोडणं नंतर. आधी माझा निकाल लावा."

"कसला निकाल?"

"मी गार डबा देते म्हणून इतके महिने ऐकतेय. आज मिस्त्री साक्षीदार आहेत. हा डबा मी इथं ठेवते. इंजिन चालू दे. ज्याला जेवणाची वेळ वाटेल त्यानं सांगावं." तिने डबा माझ्या बेचक्यात अडकवला आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

मिस्त्री हसला. दादाला बरगड्यांमुळे ओरडता येत नव्हते. मी चालत राहिले, धक्क्याला बांधलेले, धूर ओकत. सकाळ निम्मी सरली. वहिनीने डबा उचलला, फडक्याशिवाय, आणि दादाच्या गालाला लावला.

"गार आहे," दादा म्हणाला. "सांगत होतोच मी."

"माझ्या घरातून निघाला तेव्हा चटका देत होता. आता सांगा, कोण निववतंय?" आणि तिने माझ्या डोक्यावर, त्या खळग्याशेजारी, उघडा तळहात ठेवला. ठेवला आणि तसाच राहू दिला. "मिस्त्री, इतका वेळ चाललेल्या इंजिनावर हात ठेवता येतो का हो?"

मिस्त्रीचे हसणे जागच्या जागी मेले. त्यानेही तळहात ठेवला. कारखान्यातल्या त्या बाईनंतर माझ्यावर कोणी असा हात ठेवला नव्हता. थापा मिळाल्या होत्या, घाव मिळाले होते.

"हे तापतच नाहीये," तो हळूच म्हणाला. "पेटीला वाटतंय आत्ताच उठलंय. म्हणून पाजत सुटलीय." त्याने मला बंद केले, टोपीचे बोल्ट काढले, टोपी उचलली आणि आत बोट घालून फिरवले. "इथली झडप कुठाय?"

त्याने पुन्हा आत वाकून पाहिले.

"इथं थर्मोस्टॅट असतो. नुसतं भोक आहे. कुणी काढला?"

वहिनीने दादाकडे पाहिले. दादा आपल्या उजव्या हाताकडे पाहत होता, जिथे कातडी अजून गुलाबी आणि चकचकीत होती. मग त्याने मान वळवून नदीकडे पाहिले, नेमके त्याच जागी. वहिनीला तेवढे पुरले.

"आणि त्याला चोर केलंत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पोरगा काजळी दाखवत होता तुम्हाला. काजळी धरलेला हात सोडून दुसरा चिरडलात."

मालवाहू बोट दोर सोडायच्या बेतात होती. दादा धक्क्यावरून चालत गेला, एका हाताने बरगड्या धरून, दुसऱ्या हातात हातोडा तसाच. लोक बाजूला झाले. घण हातोडा घेऊन भावाकडे चाललाय म्हटल्यावर होणारच. तिथे काय बोलणे झाले ते मला लांबून ऐकू आले नाही. दिसले एवढेच की दादाने हातोडा उलटा धरला, दांडा बारक्याकडे करून, आणि उभा राहिला. बारक्याने बराच वेळ तो घेतला नाही. मग घेतला.

तो थेट माझ्याकडे आला. मला वाटले, आता माझी पाळी. पण त्याने डाव्या हाताने, वाकडेतिकडे घाव घालत, झाकणाच्या बिजागऱ्यांवर मारायला सुरुवात केली. फार वेळ लागला. दादा मागे उभा राहिला, मदतीला पुढे झाला नाही, थांबही म्हणाला नाही. पहिली बिजागरी तुटली, मग दुसरी. बारक्याने खांदा लावून झाकण उलथले आणि ते पाण्यात गेले.

"आता हे कुणावर आपटायचं नाही," तो म्हणाला. धापा टाकत त्याने हातोडा दादाला परत दिला. "आणि दोर मला धरता येणार नाही. बोटं वळत नाहीत. सुकाणू मी धरीन. दोर तू."

दादा आयुष्यात कधी दोराकडे उभा राहिलेला नव्हता. त्याने दोराचे टोक उचलले. "कसा धरायचा?" त्याने विचारले.

नवी झडप आली, अंगठ्याएवढी. ती बसल्यावर पेटीने विचारले, वायरीने सांगितले, "तापलंय," आणि पेटीने इतक्या महिन्यांनी हात आखडता घेतला. धूर आधी करडा झाला, मग दिसेनासा. त्या दुपारी बारक्याने डबा उचलायला हात घातला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. वाकड्या दोन बोटांना तो चटका कळला नाही, बाकीच्यांना कळला. वहिनी धक्क्यावरून बघत होती. तिने खांद्यावरचे फडके त्याच्याकडे फेकले.

आता मी म्हातारे झाले आहे. झाकण गेल्यापासून वर ताडपत्री असते. ती वाऱ्यात उडते, पाणी आत येते, माझे बोल्ट गंजतात. मी तक्रार करत नाही. वादळात अजूनही निघावे लागते, लाटा अजूनही आपटतात. सुकाणूवरून बारक्या ओरडतो, "दोर धरलास?" आणि मागून दादा, पाण्याने तोंड भरलेले असताना, ओरडतो, "धरलाय." दोर तुटून परत येतो तेव्हा तो आता वेळेवर आडवा होतो. बारक्याची दोन बोटे मात्र सरळ झाली नाहीत. झडप नवी मिळते, बोटे मिळत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारखे काही तुमच्याही घरी असेल. खोकणारे, धूर सोडणारे, सांगितलेले न ऐकणारे. ते यंत्र असेल, नाहीतर धाकटा भाऊ असेल. त्याच्यावर हात उचलावासा वाटेल. उचललेला हात तसाच खाली आणा, मूठ उघडा आणि तळहात त्याच्या अंगावर ठेवा. गार आहे की तापलेले, एवढेच आधी बघा.

दादा रोज सकाळी तेच बघतो. खळग्यावरून अंगठा फिरवतो आणि मग पूर्ण तळहात टेकवतो. मी तेव्हा थंडच असते, नुकतेच उठलेले असते. तरी तो हात जरा जास्त वेळ ठेवतो.

मग तो पंखा लावतो, वास घेतो आणि बारक्याकडे बघून "हं" म्हणतो.